एका आढ्याखाली

डेव्हनमध्ये, क्रेडिटनच्या पलीकडे तांबड्या मातीच्या टेकड्या आहेत. तिथल्या एका लहान गावात एक लांबट, बुटकं घर होतं. बांधलं तेव्हा ते एकाच शेतकऱ्याचं होतं. पुढे कुणीतरी मधोमध भिंत घातली आणि घराची दोन घरं झाली. पण भिंत माळ्याशी येऊन थांबली. वरचे वासे, त्यांवरचा गव्हाच्या पेंढ्याचा हातभर जाड थर आणि सगळ्यांच्या माथ्यावरचं आढं या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंडच राहिलं.

पूर्वेच्या अर्ध्या भागात एक निवृत्त शिक्षिका राहत. शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता, तेव्हा आपण त्यांना बाई म्हणू. पश्चिमेचा अर्धा भाग विकायला निघाला आणि एक्झिटरच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ असलेल्या एका मराठी डॉक्टरांनी तो घेतला. त्यांची पत्नी, आपण त्यांना वहिनी म्हणू, गुहागरकडची. घर पाहायला आल्या तेव्हा वळचणीखाली उभं राहून त्यांनी पेंढ्याची टोकं हाताने चाचपली आणि तिथंच ठरवून टाकलं की राहायचं तर इथंच.

घर 'ग्रेड दोन'च्या यादीतलं होतं. म्हणजे ऐतिहासिक वास्तू म्हणून सरकारदरबारी नोंदलेलं. अशा घराचं रूप परवानगीशिवाय बदललं तर १९९० च्या कायद्यानुसार तो फौजदारी गुन्हा ठरतो. जळलं किंवा पडलं तरी मालकाला वर पत्रे ठोकून मोकळं होता येत नाही. होतं तसं, होत्या त्याच जिनसांनी पुन्हा उभं करा, असंच सहसा सांगितलं जातं.

विम्याचा अर्ज भरायला डॉक्टर बसले. माणूस निष्काळजी नव्हता. रोग्याला भूल देण्याआधी यादी दोनदा तपासणारा होता. अर्जातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यांनी शोधून, विचारून लिहिली. छप्पर कशाचं, वायरिंग कधी तपासलं, लाकडाचा स्टोव्ह आहे का, धुराडं कधी साफ केलं, जवळपास शेकोटी पेटते का. मग प्रश्न आला: हे घर मुळापासून पुन्हा बांधायला एकूण किती खर्च येईल?

डॉक्टरांनी लिहिलं, साडेचार लाख पौंड. घर घेतलं तीच किंमत.

"जास्तच लिहितोय आपण," ते पत्नीला म्हणाले. "किमतीत जमीन आली, बाग आली. जमीन काही जळत नाही."

"आणि छप्पर म्हणजे गवतच की हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मे संपायच्या आत दोन दिवसांत घर शाकारून व्हायचं. खर्च काय, तर आलेल्या माणसांचं जेवण."

या दोघांना कुणी हसू नये. विटांच्या साध्या नव्या घराच्या बाबतीत हा हिशेब बहुधा बरोबर निघतो. बांधायचा खर्च विकत घेण्याच्या किमतीहून कमी असतो, म्हणून तर तो सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. जुन्या, हाताने घडवलेल्या घराला तो लावला की नेमका उलटा पडतो. बाजार अशा घराची किंमत ठरवतो ती खोल्या मोजून, शाळा आणि स्टेशन किती लांब ते पाहून. त्याच्या भिंती तुडवायला किती दिवस लागले, हे बाजार विचारत नाही.

पुढच्या वसंतात बाई केक घेऊन आल्या. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "माझ्याकडे सर्व्हेअर येणार आहेत. पुनर्बांधणीचा खर्च काढून देतात. दर तीन वर्षांनी मी हे करून घेते. एकाच फेरीत दोन्ही बाजू पाहिल्या तर फी तुम्हालाही कमी पडेल."

डॉक्टर म्हणाले, "आमचा विमा झालाय. साडेचार लाखांचा."

बाईंच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. त्यांच्या स्वतःच्या बाजूचा आकडा त्यांना पाठ होता आणि दोन्ही बाजू सारख्याच होत्या. पण दुसऱ्याच्या पैशांत नाक खुपसणं त्यांच्या वळणात बसणारं नव्हतं. "छान," एवढंच म्हणून त्या गेल्या.

त्या उन्हाळ्यात आढ्याचं काम निघालं. पेंढ्याचं छप्पर पंचवीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकतं. पण माथ्यावरचं आढं दहा-पंधरा वर्षांत झिजतं, ते नव्याने बांधावं लागतं. काम करायला एक म्हातारा कारागीर आणि त्याची नात आली. वहिनींना राहवेना. त्या शिडी चढून वर गेल्या. गुहागरच्या घरावर त्या परकर खोचून चढत, तशाच.

म्हाताऱ्याने त्यांना पेंढा दाखवला. हल्लीचा गहू बुटका, त्याची काडी छपराला पुरत नाही. छपरासाठी 'मॅरिस विजन'सारखा उंच ताटाचा जुना गहू मुद्दाम पेरावा लागतो. त्याला खत बेतानेच घालायचं, नाहीतर काडी पोचट होते. कंबाइन चालत नाही, काडी मोडते. म्हणून जुन्या बाइंडरने कापायचा, पेंढ्या शेतात उभ्या करून वाळवायच्या, मग यंत्राने विंचरून दाणा आणि पाती काढायची आणि सगळी बुडं एका दिशेला ठेवायची. हेझलच्या फांद्या चिरून, पिळून, वाकवून केलेल्या काट्यांनी तो पेंढा खालच्या थरात खोचायचा. ऐन कापणीत पाऊस लागला की वर्षभर पेंढ्याचा तुटवडा.

"आणि खालचा थर?" वहिनींनी विचारलं.

म्हाताऱ्याने त्यांना माळ्यात नेलं. बॅटरीच्या उजेडात वाशांच्या आतल्या अंगाचा पेंढा काळा कुळकुळीत दिसला. काजळीने माखलेला. घराला धुराडं नव्हतं, चूल मधोमध जमिनीवर पेटायची आणि धूर छपरातून झिरपत बाहेर जायचा, त्या काळातला. डेव्हनमधल्या काही घरांत असे थर अजून आहेत. दर वेळी वरचा थर बदलला गेला, खालच्याला कुणी हात लावला नाही. त्यात तेव्हाच्या गव्हाची, राईची कणसं आणि शेतातलं तणसुद्धा सापडतं, आणि वनस्पतींचा इतिहास शोधणारे लोक ते जपून तपासतात. माळ्याच्या मधोमध उभं राहून वहिनींनी बॅटरी पूर्वेकडे फिरवली. उजेड थेट बाईंच्या धुराड्यापर्यंत गेला. आड काहीच नव्हतं.

"हे सगळं जळालं तर पुन्हा करायला किती लागतील?"

म्हातारा म्हणाला, "आधी माणसं शोधावी लागतील, बाईसाहेब. पैशाचं त्यानंतर."

त्या रात्री त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, आपला आकडा चुकलाय. आमच्याकडे शाकारणी फुकट व्हायची, कारण आख्खी वाडी यायची. आज यांच्या घरी, उद्या आमच्या. इथं कोण येणार आहे? प्रत्येक हात पैसे देऊन आणावा लागेल."

डॉक्टरांना पटलं. ते म्हणाले, "नोव्हेंबरात पॉलिसीचं नूतनीकरण आहे. तेव्हा सर्व्हेअर बोलावू."

ऑक्टोबरच्या अखेरीला थंडी अचानक उतरली. डॉक्टरांनी मोसमात पहिल्यांदाच स्टोव्ह पेटवला. धुराडं मार्चमध्ये साफ केलं होतं. पावती जपून ठेवलेली होती, विम्याची अटही वर्षातून एकदा साफ करण्याची होती. फक्त मार्चनंतर एप्रिल आला होता, आणि एप्रिलमध्ये जॅकडॉ पक्षी धुराड्यात काटक्या भरून घरटी करतात. बाई आपलं धुराडं सप्टेंबरात साफ करून घेत, पक्षी उठल्यावर.

हिस्टॉरिक इंग्लंड ही वास्तुरक्षण करणारी संस्था आणि एनएफयू म्युच्युअल ही विमा कंपनी यांनी मिळून अशा आगींचा अभ्यास करवून घेतला आहे. पूर्वी समजूत होती की तापलेल्या धुराड्याची धग शेजारच्या जाड पेंढ्यात मुरत जाते आणि तो आतून पेट घेतो. अभ्यासात बोट गेलं ते ठिणग्यांकडे. स्टोव्हमुळे वेगाने वर खेचल्या जाणाऱ्या हवेबरोबर जळके कण धुराड्यातून बाहेर पडतात आणि छपरावर येऊन बसतात. धुराड्यात घरटं असेल तर ठिणग्यांना तोटाच नाही.

बाईंनी दार ठोठावलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. आत बसलेल्यांना काही कळलंच नव्हतं. पेंढ्याचं छप्पर जळताना आतल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर आली.

बंबांमागून बंब आले. पण जे छप्पर शतकानुशतकं पाऊस परतवत आलं, ते बंबाचं पाणीही परतवतं. आग आत, पेंढ्यावरच्या तारेच्या जाळीखाली सरपटत राहते. पूर्वी इंग्लंडच्या कित्येक गावांत चर्चमध्ये लांब दांड्याचे लोखंडी आकडे ठेवलेले असत, पेटलेलं छप्पर ओढून पाडायला. आजही उपाय तोच आहे. जवानांनी बाईंच्या बाजूचं न जळलेलं छप्पर आडवं कापलं, वाशांपर्यंत पेंढा उपसून खंदक केला. पश्चिमेचं सगळं आणि पूर्वेचं पाऊण छप्पर गेलं. काही लोक रांग करून फर्निचर बाहेर काढत होते. बाईंची पुस्तकं वाचली.

खरी हानी दुसऱ्या दिवशी पाऊस आला तेव्हा सुरू झाली. त्या भिंती कॉबच्या, म्हणजे माती आणि पेंढा एकत्र तुडवून थरावर थर चढवलेल्या. कॉबच्या भिंतीला पायात चांगले बूट आणि डोक्यावर चांगली टोपी असली की झालं, असं डेव्हनमध्ये म्हणतात. टोपी गेली होती. घराभोवती उंच परांची बांधून वर पत्र्याचं तात्पुरतं छप्पर घालायचं ठरलं. त्याला आठवडे लागले. तोवर पश्चिमेच्या भिंतीचा एक कोपरा पाणी पिऊन बसला.

मग विमा कंपनीचा माणूस आला. सभ्य होता. त्याने पावत्या पाहिल्या, अटी पाळल्याचं मान्य केलं. त्यानंतर कंपनीच्या सर्व्हेअरने आख्ख्या घराचा हिशेब मांडला. ओकच्या कैच्या, कॉब, चुन्याचा गिलावा, मोडतोड हटवणं, जुन्या पेंढ्याची नोंद करायला पुरातत्त्वज्ञ, वास्तुविशारदाची फी, परवानग्या, दुरुस्तीवरचा २० टक्के व्हॅट. पश्चिमेचा अर्धा भाग मुळापासून उभारायचा तर साडेसात लाख पौंड. डॉक्टरांनी लिहिले होते साडेचार. म्हणजे ६० टक्के.

"पण माझं नुकसान तर तीन लाखांचंच आहे," डॉक्टर म्हणाले. "साडेचार लाखांच्या आत. पूर्ण मिळायला हवं."

अनेकांना इथंच ठेच लागते. विम्याचा आकडा म्हणजे हवं तेव्हा, हवं तितकं काढायचं खातं नव्हे. ग्राहकांच्या विम्याबाबत २०१२ साली ब्रिटनमध्ये झालेला कायदा सांगतो की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वाजवी काळजी घेऊन द्यावं. उत्तर हयगयीने चुकलं असेल आणि खरं उत्तर मिळालं असतं तर कंपनीने जास्त हप्ता घेतला असता, तर दावा त्या प्रमाणात कापता येतो. हप्ता ६० टक्के भरला, तर तीन लाखांचे १ लाख ८० हजार. उरलेले १ लाख २० हजार घरमालकाचे. अशा वादांसाठी असलेल्या लोकपालाकडे तक्रार करायला पैसे पडत नाहीत. पण डॉक्टरांनी आपला अर्ज पुन्हा उघडून पाहिला. प्रश्न स्वच्छ होता. घर कितीला घेतलंत असं त्यात कुठंच विचारलेलं नव्हतं.

बाईंचा दावा मात्र पुरा मंजूर झाला. त्यांचा आकडा बरोबर होता, इतरत्र राहायच्या भाड्याचीही तरतूद होती. त्यांनी क्रेडिटनमध्ये घर भाड्याने घेतलं आणि म्हाताऱ्या कारागिराला निरोप धाडला.

म्हातारा पाहणी करून म्हणाला, "तुमची बाजू एकटी शाकारता येणार नाही. आढं शेजारच्या कैच्यांवर जातं. आधी पश्चिमेच्या भिंती, मग कैच्या, मग दोन्हीकडचा पेंढा एकदम. अर्धं छप्पर करून थांबलो तर जोडावर पाणी शिरेल आणि जुनी भिंत बसेल."

सगळं नीट केलेल्या माणसाची शिस्त शेजारच्याच्या एका आकड्यापाशी येऊन अडली. कापणीचा एक हंगाम असाच गेला. बाईंच्या भाड्याच्या तरतुदीला मर्यादा होती, ती संपत आली.

डॉक्टरांनी कोथरूडचा फ्लॅट विकायला काढला. म्हातारपणी तिथं परतायचं म्हणून घेतलेला. बाईंना हे कळलं तेव्हा त्या डॉक्टरांच्या भाड्याच्या घरी आल्या. डॉक्टर उठून उभे राहिले. "तुमचं घर माझ्यामुळे अडलंय," ते म्हणाले. "माफी कोणत्या तोंडाने मागू?"

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुमचा आकडा ऐकला तेव्हाच मला कळलं होतं की तो कमी आहे. मी गप्प बसले. सभ्यपणा म्हणून. छप्पर एक होतं आणि मी असं वागले, जणू तुमचा आकडा म्हणजे तुमची खासगी गोष्ट."

मग शिकवायच्या सवयीने त्यांनी टिव्हर्टनची गोष्ट सांगितली. इथून काही मैलांवरचं लोकरीच्या व्यापाराचं गाव. १५९८, १६१२ आणि १७३१ अशा तीन मोठ्या आगींत होरपळलेलं. तिसऱ्या आगीनंतर पार्लमेंटने हुकूमच काढला की इथली छपरं आता पाटीच्या दगडाची, कौलांची किंवा शिशाची हवीत. त्या काळी बहुतेकांना विमा नव्हता. राजाच्या नावाचं पत्र निघे, ते देशभरच्या चर्चमध्ये वाचून दाखवत आणि कधी न पाहिलेल्या गावासाठी लोक दाराशी पैसे टाकत. १८२८ साली ती चाल कायद्यानेच बंद झाली.

"तोवर लोकांना ठाऊक असायचं की शेजारचं छप्पर जळालं तर आपल्याला काहीतरी द्यावं लागणार," बाई म्हणाल्या. "विमा आला आणि आम्ही कागद आपापल्या कपाटांत ठेवायला लागलो."

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वाडीत कुणाचं गवत कमी पडतंय, हे आख्ख्या वाडीला माहीत असायचं. तिथं लपवायची सोयच नव्हती."

फ्लॅट गेला. पुढल्या उन्हाळ्यात भिंती उभ्या राहिल्या. कॉब तुडवायला वहिनी स्वतः उतरल्या. गावातली पोरंही आली. त्याने खर्च फारसा कमी झाला नाही, हे खरंच सांगायला हवं. कैच्या आणि छप्पर हे कारागिरांचंच काम. परवानगी काढून माळ्यातली मधली भिंत आढ्यापर्यंत नेली, आग अडेल अशी. पूर्वेकडच्या उरलेल्या पाव भागातला काळा पेंढा होता तिथंच राहिला. पश्चिमेकडचा कायमचा गेला. त्याचा विमा कोणत्याच कंपनीत होत नाही.

आता दर तीन वर्षांनी सर्व्हेअर येतो तेव्हा दोन्ही बाजूंची मापं एका दिवसात घेतली जातात. मधल्या वर्षांत आकडा महागाईबरोबर वाढत जातो. दोन्ही पॉलिसींच्या प्रती दोन्ही घरांत असतात. दोन्ही धुराडी सप्टेंबरात साफ होतात, मार्चमध्ये पुन्हा. हप्ता पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त आहे. त्यासाठी डॉक्टरांनी आठवड्यातली एक जादा पाळी घेतली.

गेल्या वर्षी गल्लीच्या टोकाचं पेंढ्याचं घर एका तरुण जोडप्याने घेतलं. डॉक्टर जाम घेऊन भेटायला गेले. घर दाखवून झालं, स्टोव्ह दाखवून झाला. चहा संपला. डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "विम्याच्या अर्जात पुनर्बांधणीचा आकडा किती लिहिलात?"

तरुणाचा चेहरा बदलला. "ते आम्ही बघितलंय," तो जरा ताठरपणे म्हणाला. "घेतलं त्या किमतीचा केलाय."

त्याच्या बायकोने कपबश्या गोळा करायला घेतल्या. उठायची वेळ झाली, हे डॉक्टरांना कळलं. ते उठले नाहीत. "मीही तेच लिहिलं होतं," ते म्हणाले. "तुमचा अर्ज आणता का? मला वेळ आहे."